सराव उड्डाणात गेलेल्या वैमानिकाच्या स्मरणिकेत काय लिहावं, काय लिहू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या शाळेत तुमच्या वर्गात असलेला मित्र हवाई दलात लढाऊ विमानाचा वैमानिक झाला. गेल्या वर्षी नेहमीच्या सराव उड्डाणात त्याच्या विमानाला अपघात झाला आणि तो गेला. आता वर्ष भरत आलंय. तुम्ही वर्गमित्र मिळून एक छोटी स्मरणिका काढताय, शाळेत कार्यक्रमही ठेवताय. अडलंय ते तीन ठिकाणी. लढाईत गेला नाही, तर त्याच्या जाण्याबद्दल लिहायचं काय? अपघात कशामुळे झाला ते लिहायचं का? आणि 'वस्तीवर विमान पडू नये म्हणून त्याने शेवटपर्यंत विमान सोडलं नाही' असं वर्तमानपत्रात आलं होतं, ते घ्यायचं का?

मी हवाई दलात लढाऊ विमानं उडवली, पुढे फ्लाइट सेफ्टीचं काम केलं, चौकशी मंडळांवरही बसलो. निवृत्त होऊन नाशिकला आल्यावर अशा स्मरणिकांचा मजकूर वाचून द्यायचं काम आपसूक माझ्याकडे येत गेलं. बहुतेक स्मरणिकांत मला एकच दोष दिसतो. अर्धीअधिक पानं शेवटच्या दिवसाची असतात. ज्या अर्ध्या मिनिटाबद्दल लिहिणाऱ्याला काहीही ठाऊक नसतं त्यावर पानं भरतात, आणि ज्या दहा-बारा वर्षांचे साक्षीदार हयात आहेत, फोनवर मिळू शकतात, ती वर्षं 'लहानपणापासूनच आकाशाची ओढ होती' या एका ओळीत उरकली जातात. माझं म्हणणं एवढंच, की शेवटची मिनिटं चौकशी मंडळावर सोडा आणि तुम्ही त्याचं काम लिहा.

लढाईत गेला नाही, याचं तुम्हाला अवघडल्यासारखं झालंय हे पत्रावरून जाणवतं. अवघडू नका. लष्करी वैमानिकाची जवळजवळ सगळी नोकरी सरावातच जाते. कित्येक जण पूर्ण कारकीर्द करून निवृत्त होतात आणि शत्रूवर एकदाही बॉम्ब टाकत नाहीत. पण 'सराव' म्हटलं की लोकांना क्रिकेटची नेट प्रॅक्टिस आठवते, जिथे त्रिफळा उडाला तरी पुढचा चेंडू खेळायला मिळतो. विमानाच्या सरावात जमीन खरी असते, वेग खरा असतो, रात्र खरी असते. शत्रू तेवढा मानलेला असतो.

हे वाचकाला विशेषणांनी पटत नाही, आकड्यांनी पटतं. लढाऊ विमान ताशी 900 किलोमीटरने जात असेल, तर ते सेकंदाला 250 मीटर कापतं. रडारच्या नजरेत येऊ नये म्हणून जमिनीपासून शंभर मीटरवरून जायचा सराव चालू आहे असं धरा. वैमानिकाने नकाशाकडे किंवा शेजारच्या विमानाकडे पाहिलं आणि तेवढ्यात विमानाचं नाक फक्त पाच अंश खाली झुकलं, तर जमीन साडेचार सेकंदांवर असते. हा हिशेब शाळेतल्या दहावीच्या मुलांना करायला द्या, पाच अंशांच्या साइनची किंमत तेवढी सांगा. तुमच्या मित्राने अशी उड्डाणं वर्षानुवर्षं केली आणि त्यांतून प्रत्येक वेळी परत आला, ही गोष्ट त्या एका न परतलेल्या उड्डाणापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि स्मरणिकेत तीच कुठे नसते.

कागदोपत्री फरक असतो, तो माहीत असावा. लढाईत किंवा मोहिमेत गेलेल्याची नोंद 'बॅटल कॅज्युअल्टी' अशी होते, सराव उड्डाणातल्या मृत्यूची 'फिजिकल कॅज्युअल्टी' अशी. सातव्या वेतन आयोगानंतरच्या केंद्राच्या नियमांत कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू आल्यास 25 लाखांचं सानुग्रह अनुदान आहे. युद्धात शत्रूच्या कारवाईत मृत्यू आल्यास 45 लाखांचं. कुटुंबाच्या निवृत्तिवेतनातही विशेष आणि उदारीकृत असे दोन प्रकार आहेत; सरावातल्या अपघातासारख्या मृत्यूसाठीच्या विशेष प्रकारात शेवटच्या वेतनाच्या 60 टक्के मिळतात, लढाईतल्या मृत्यूसाठीच्या उदारीकृत प्रकारात पूर्ण वेतनाइतके. 25 फेब्रुवारी 2019 रोजी दिल्लीत उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर लढायांत आणि लष्करी मोहिमांत गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. हे सगळं स्मरणिकेत मांडून गाऱ्हाणं करू नका. मात्र त्याच्या पत्नीचं किंवा आईवडिलांचं काही काम अडलं असेल, तर तुमच्यापैकी दोघांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासोबत जाऊन बसा. कार्यक्रमापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आता अपघाताच्या कारणाबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

प्रत्येक अपघातानंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे चौकशी मंडळ, बसते. फ्लाइट डेटा रेकॉर्डर, रडारच्या नोंदी, रेडिओवरचं संभाषण, इंजिनाचे तुकडे, देखभालीची कागदपत्रं, त्या आठवड्यातली वैमानिकाची झोप आणि रजा, असं सगळं तपासलं जातं. याला महिने लागतात. अहवाल गोपनीय मानला जातो, आणि कुटुंबाच्या हाती तो सहसा पूर्ण येत नाही. त्यामुळे आज तुमच्याकडे 'कारण' म्हणून जे आहे ते बहुधा पहिल्या दोन दिवसांच्या बातम्यांतलं आहे. पहिल्या दोन दिवसांच्या बातम्यांची किंमत काय असते, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. 27 फेब्रुवारी 2019 रोजी काश्मीरमध्ये बडगामजवळ एमआय-17 हेलिकॉप्टर कोसळलं आणि आपल्या शहराचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे गेले. सुरुवातीला सगळीकडे तांत्रिक बिघाड असंच छापून आलं. त्यावर लेख झाले, श्रद्धांजल्या झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दल प्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं, की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. ती घटना पाकिस्तानशी चाललेल्या हवाई चकमकीच्या ऐन धुमश्चक्रीतली होती, तुमच्या मित्राची तशी नाही. पण घाईने छापलेलं कारण आठ महिन्यांत कसं खोटं ठरतं ते यावरून ध्यानात घ्या.

दुसरी बाजूही तेवढीच नाजूक आहे. समजा चौकशीत 'वैमानिकाची चूक' असं आलं, किंवा तशी कुजबूज तुमच्या कानावर आली. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या डिसेंबर 2024 मधल्या अहवालात 2017 ते 2022 या काळातल्या हवाई दलाच्या 34 अपघातांची यादी आहे, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक अपघातांपुढे वैमानिकांची मानवी चूक हेच कारण आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, म्हणजे गडी कच्चा होता. फ्लाइट सेफ्टीत काम केलेला कुणीही असं म्हणणार नाही. चूक हा साखळीतला शेवटचा दुवा असतो आणि आधीचे दुवे बऱ्याचदा वैमानिकाच्या जन्माआधीपासून तयार झालेले असतात.

मिग-21 चंच उदाहरण घ्या. अनेक वर्षं नवे वैमानिक किरणसारख्या संथ प्रशिक्षण विमानावरून उतरायचे आणि थेट मिग-21 मध्ये बसायचे. हे विमान उतरतानाही ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास असतं, पंख आखूड, इंजिन एकच. मधली एक पायरी लागते, हे 1982 मध्ये नेमलेल्या ला फोंतेन समितीने सांगितलं होतं. ती पायरी, म्हणजे हॉक हे प्रगत जेट ट्रेनर, हवाई दलात आली 2008 मध्ये. मधल्या पंचवीसहून अधिक वर्षांत जी मुलं गेली, त्यांतल्या कितींच्या कागदावर 'वैमानिकाची चूक' लिहिलं असेल आणि ती चूक खरोखर कुणाच्या फायलीत पडून होती, याचा विचार मी अजूनही करतो.

17 सप्टेंबर 2001 रोजी रात्री सुरतगडहून उड्डाण केल्यावर फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचं मिग-21 कोसळलं. ठपका मुलावर आला आणि तो त्यांच्या आईला, कविता गाडगीळ यांना मान्य नव्हता. त्यांनी वर्षानुवर्षं जाहीरपणे लढा दिला, पुढे पतीसह मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेचं आणि वैमानिक घडवण्याचं काम उभं केलं. रात्रीच्या टेक-ऑफमधला धोका म्हणजे काय, तेही सांगतो, कारण तुमच्या वाचकांत डॉक्टर असतील आणि त्यांना हे लगेच कळेल. विमान जोरात वेग घेतं तेव्हा आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला वेग आणि चढ यांतला फरक कळत नाही. नाक फार वर चाललंय असा पक्का भास होतो. बाहेर क्षितिज दिसत नसेल, तर हात आपोआप नाक खाली दाबायला जातो. निरोगी, अनुभवी माणसालाही हे होतं. उपाय एकच, शरीराचं न ऐकता समोरच्या उपकरणांचं ऐकायचं. ते शिकवलं जातं, घोटून घेतलं जातं, तरी भास व्हायचा तो होतोच.

म्हणून कारणासाठी एकच वाक्य वापरा: 'अमुक तारखेला अमुक तळावरून नियमित सराव उड्डाणावर असताना विमानाला झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला.' पुढे काही नको. 'कालबाह्य विमानांचा बळी' हेही नको आणि 'नियतीने घाला घातला' हे तर अजिबात नको. अपघाताला कारणं असतात, नियती चौकशीत सापडत नाही.

आता तिसरा प्रश्न. वस्ती वाचवल्याचा.

असं घडतं का? घडतं. वैमानिक विमान मोकळ्या जागेकडे वळवतो आणि मग बाहेर पडतो; कधी त्यात उशीर होतो. पण ते घडलं असं म्हणायला आधार लागतो: रेकॉर्डरमधली नोंद, रेडिओवरचे शब्द, सोबतच्या वैमानिकाची साक्ष. गावातल्या माणसांनी 'विमान वळलं आणि मग पडलं' असं सांगितलं, तर ते खोटं बोलत नसतात, पण ताबा सुटलेलं विमानही वळतं. कित्येकदा खालच्या गावाला विमानातला माणूस शेवटच्या क्षणी आपल्याचसाठी काही करत होता असं वाटत राहतं, आणि त्यात आपुलकीच असते. पण छापताना आपुलकीला पुरावा म्हणता येत नाही. चौकशीतून किंवा स्क्वाड्रनच्या जबाबदार माणसाकडून हे कळलं असेल, तर जरूर घ्या. एरवी गाळा.

गाळण्याचं आणखी एक कारण आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. 'शेवटपर्यंत विमान सोडलं नाही' ही ओळ आपण गौरवाने लिहितो, तेव्हा ज्यांनी वेळेवर सोडलं त्यांच्याबद्दल नकळत काहीतरी बोलून जातो. आपल्याच जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, 27 जून 2018 रोजी वावी ठुशीजवळ आणि 4 जून 2024 रोजी शिरसगावला सुखोई विमानं शेतात कोसळली. दोन्ही वेळा दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन, म्हणजे खुर्चीसकट विमानाबाहेर फेकले जाऊन, वाचले. हेच बरोबर आहे, हेच शिकवलेलं आहे. एका ठरावीक उंचीखाली विमान ताब्यात येत नसेल तर खुर्चीचं हँडल ओढायचं, विचार करत बसायचं नाही. जगभर इजेक्शनमधले बरेच मृत्यू खुर्ची बिघडल्याने नव्हे, निर्णयाला उशीर झाल्याने होतात. विमान वाचवायच्या आशेने दोन सेकंद थांबणारी मुलं आम्ही गमावली आहेत. तुमच्या कार्यक्रमाला शाळेतली मुलं बसणार, त्यांतला एखादा उद्या कॉकपिटमध्ये बसेल. थांबणं म्हणजे शौर्य असं त्याच्या मनात भरवू नका.

तुमचा मित्र हेलिकॉप्टरवर असता तर हा प्रश्नच नसता, कारण तिथे अशी खुर्ची नसते. नाशिकला गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण होतं, चेतक आणि चीता आपल्या डोक्यावरून रोज जातात. ते वैमानिक आर्मी एव्हिएशनचे, हवाई दलाचे नव्हेत. नाशिकच्या कार्यक्रमांत वक्ते हमखास ही गल्लत करतात, तेव्हा सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा.

मग पानं कशाने भरायची? लॉगबुकपासून, म्हणजे त्याच्या उड्डाणांच्या नोंदवहीपासून, सुरुवात करा. अधिकारी गेल्यावर त्याच्या सामानाची यादी करून ते घरी पोचवायला युनिटमध्ये एक समिती नेमतात, तिला कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. तिच्यामार्फत आलेल्या पेटीत बहुतेक वेळा लॉगबुक असतं, आणि बहुतेक घरांत ते कुणी उघडलेलं नसतं. आईवडिलांची हरकत नसेल तर एखाद्या वैमानिकाला सोबत बसवून ते वाचा. पहिलं एकट्याने केलेलं उड्डाण कोणत्या तारखेला, कोणत्या विमानावर, हे त्यात सापडेल. तो 2013 नंतरच्या तुकडीतला असेल तर दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत पिलाटस या प्रशिक्षण विमानावर, 2009 च्या आधीचा असेल तर बहुधा एचपीटी-32 वर, मधला असेल तर बहुधा किरणवर. रात्रीची उड्डाणं कधी सुरू झाली, ढगांतून फक्त उपकरणांवर उडवण्याचं व्हाइट कार्ड कधी मिळालं, त्याच्या वरच्या पायरीचं ग्रीन कधी झालं, हेही दिसेल. एखाद्या महिन्यात उड्डाणं एकदम कमी झालेली दिसतील. विचारलंत तर कळेल की तेव्हा बहिणीचं लग्न होतं, नाहीतर पाठ धरली होती. या नोंदी कवितेपेक्षा बोलक्या असतात. आणि हो, कविता शक्यतो एकच ठेवा.

दुसरा स्रोत म्हणजे विमानाची निगा राखणारे एअरमन. लोक कोर्समेटना, म्हणजे प्रशिक्षणातल्या सोबत्यांना, बोलावतात, कमांडिंग ऑफिसरचं पत्र छापतात, पण ज्या सार्जंटने त्याला रोज कॉकपिटमध्ये पट्टे बांधून दिले त्याला कुणी विचारत नाही. वैमानिक कसा माणूस होता ते त्याला सगळ्यात नीट माहीत असतं. उतरल्यावर विमानाची तक्रार नेमकी लिहायचा की 'बरोबर वाटत नाही' एवढंच खरडून निघून जायचा, पहाटेच्या थंडीत हँगरमध्ये चहा आधी कुणाला द्यायचा, यावर ही माणसं भरभरून बोलतात. त्यांना प्रश्न विचारताना अपघाताचा विषय काढू नका. त्यांनीच हात लावलेलं विमान असतं, आणि चौकशीत त्यांनी जबाब दिलेला असतो.

तिसरी गोष्ट फक्त नाशिकलाच जमेल अशी आहे. ओझरला 1964 मध्ये स्थापन झालेल्या एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) कारखान्यात विमानं बांधली जातात: मिग-21 चे अनेक प्रकार, मिग-27, मग सुखोई-30, आणि आता तेजस मार्क 1ए, ज्यातल्या ओझरला बांधलेल्या पहिल्या विमानाने 17 ऑक्टोबर 2025 रोजी तिथूनच उड्डाण केलं. तुमचा मित्र यांतलं काही उडवत असेल, तर ते विमान कदाचित तुमच्याच वर्गातल्या कुणाच्या वडिलांच्या हाताखालून गेलं असेल. एचएएलमधून निवृत्त झालेला एखादा फिटर किंवा इन्स्पेक्टर शोधा आणि त्याच्याकडून दोन पानं लिहून घ्या. अपघाताची बातमी आली की ओझरला काय होतं, 'आपल्याकडचं होतं का' हे किती लोक मनातल्या मनात विचारतात, ते मी पाहिलंय. मिग-21 ला 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निरोप दिला तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे तुम्ही पाहायला हवे होते. वैमानिकाची आठवण आणि विमान बांधणाऱ्याची आठवण एकाच पुस्तिकेत आलेली मी अजून पाहिलेली नाही.

काय छापू नये तेही सांगतो. कॉकपिटच्या आतले फोटो, विमानाखाली लावलेल्या शस्त्रांचे फोटो, तळावरच्या इमारती, सरावाच्या पद्धतीचं वर्णन, हे सगळं वगळा किंवा युनिटच्या अ‍ॅडज्युटंटला (प्रशासन पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) दाखवून परवानगी घ्या. अवशेषांचे फोटो तर नकोतच, त्याच्या मुलीला ते पुढे कधीतरी सापडतील. अपघाताच्या जागेवरून कुणी धातूचा तुकडा 'आठवण' म्हणून आणला असेल, तर तो परत द्यायला सांगा, तो पुरावा असतो.

कार्यक्रमाची तारीख पुण्यतिथीचीच घेऊ नका. वर्षश्राद्ध घरचं असतं. रामकुंडावर जायचं की आणखी काही करायचं ते त्यांचं ते ठरवतील. त्या दिवशी त्यांना संध्याकाळी व्यासपीठावर बसवणं हा जुलूम आहे. वाढदिवस घ्या, किंवा ज्या दिवशी दुंडीगलला त्याला विंग्ज, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, मिळाले तो दिवस घ्या. कोर्समेटना दोन महिने आधी कळवा, त्यांना रजा मागावी लागते. पत्नी आणि आईवडील यांना वेगवेगळं विचारा, एकाच्या होकारात दुसऱ्याचा धरू नका. तरुण पत्नीला अशा कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसवतात आणि एक शब्द बोलू देत नाहीत, हे मला खटकतं. बोलायचं नसेल तर ती नाही म्हणेल, पण विचारा तरी.

चौकाला नाव द्यायचा विचार तुमच्यापैकी काहींनी मांडलाय. महापालिकेच्या ठरावाशिवाय ते होत नाही, वेळ लागतो आणि पाटी लागल्यावर तिच्यावर फ्लेक्स चढतो. बंगळूरला एचएएलजवळच्या रस्त्याला ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचं नाव आहे. ते 1970 साली जानेवारीत मरुत या लढाऊ विमानाची चाचणी घेताना गेले. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ते माहीत असेल? त्यापेक्षा शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट, आणि दरवर्षी एनडीएच्या परीक्षेला बसणाऱ्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या क्लासची फी, एवढं तुमच्या वर्गाला झेपेल आणि दहा वर्षं चालेल.

छपाईला देण्याआधी मजकूर घरच्यांना दाखवाल, ते ठीकच. त्याशिवाय लॉगबुकातल्या तासांची बेरीज, विमानांची नावं आणि प्रत्येक वर्षीचा हुद्दा एखाद्या कोर्समेटकडून तपासून घ्या. त्याच्या स्क्वाड्रनची मंडळी पुस्तिका हातात आल्यावर सगळ्यात आधी तेच पान उघडतात.